बादलीतलं सैन्य

आमच्या ड्रॉइंग मास्तरांच्या घरी बादलीत माणसं विरघळत असत. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो तेव्हा तहान लागली म्हणून त्याच बादलीत तांब्या बुडवायला निघालो होतो.

"हां हां, बार्शीकर!" मास्तर ओरडले. "मुडदे हायत त्यात."

मी हात मागं घेतला. पाहतो तर तळाशी चिखल बसलेला, आणि त्या चिखलावर बोटाच्या पेराएवढा मातीचा एक घोडेस्वार. निम्मा विरघळलेला. स्वाराचं डोकं गेलं होतं, घोड्याची शेपटी तेवढी शाबूत होती. मास्तरांची बायको, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "माठातलं घ्या हो. त्या बादलीला मी सुदिक हात लावत न्हाय."

मी बार्शीचा. निजामाचं राज्य गेलं तरी धाराशिवच्या जुन्या लोकांच्या लेखी बार्शीचा माणूस म्हणजे इंग्रजी मुलखातला, जरा शहाणा, जरा परका. मला नाव होतं, आडनाव होतं, हजेरीपटावर बी. एस्सी. ही पदवीही होती, पण मास्तरांनी शेवटपर्यंत मला बार्शीकरच म्हटलं. मी त्यांना सर म्हणत असे. बाकी अख्खं हायस्कूल त्यांना पाठीमागं 'सेनापती' म्हणायचं आणि त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर पोरांनी 'सेनापती आले' असं लिहून ठेवलं, तर त्यांनी ते पुसलं नाही. खाली अक्षरं कशी टपोरी काढायची ते दाखवलं आणि तासच त्यावर घेतला.

उंच, वाळके, गळ्यापर्यंत बटणं लावलेली काळी शेरवानी. निजामाच्या वेळची ती शेरवानी त्यांनी राज्य गेल्यावरही सोडली नाही. तिच्या बाह्यांना कायम माती लागलेली असे. ही माती तेर या जुन्यापुराण्या गावची. महिन्या-दोन महिन्यांनी ते पोतं घेऊन तेरला जायचे आणि तेरणेच्या काठची माती आणायचे. धाराशिवात काय माती नाही? मी विचारलं तर म्हणाले, "हाय की. पण तेरच्या मातीत त्या वक्ताची माणसं मिसळलेली हायत. ती परत उभी राहायला कुरकुर करत न्हाईत."

शाळेत ज्या रस्त्यानं जात त्या रस्त्यानं ते कधी परत येत नसत. सकाळी वेशीकडून, तर दुपारी बाजारातून. एकदा धो धो पावसात मी म्हटलं, सर, जवळच्या वाटेनं जाऊ या. तर म्हणाले, "आल्या वाटेनं माघारी जाऊ नये. गनिमाला ठावं असतंय." मी म्हटलं, कसला गनीम? तर छत्रीखालून माझ्याकडं असं पाहिलं की बी. एस्सी. फुकट गेली.

आता तो खेळ सांगायला हवा, नाहीतर कुणाला वाटेल माणसाला वेडच लागलेलं होतं. थोडं होतंच, पण त्याला नियम होते.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक अवाढव्य टेबल होतं. निजामाच्या कुठल्यातरी कचेरीतलं, विलीनीकरणानंतर हर्राशीत, म्हणजे लिलावात, निघालेलं. पायावर उर्दूत नंबर कोरलेला. ते दारातून आत येईना तेव्हा मास्तरांनी दाराची चौकट उखडली. "लग्नात माझी पेटी आली तवा चौकट न्हाय काढली," काकू सांगायच्या, "पेटीच बाहेर ठिवली दोन दिवस." त्या टेबलावर वाळू पसरलेली, खडे रचून डोंगर केलेले, निळीत बुडवलेल्या धोतराच्या पट्टीची नदी. आणि दोन्ही काठांवर मातीची फौज. एका बाजूला चालुक्य, दुसऱ्या बाजूला कांचीचे पल्लव. तेराशे वर्षांपूर्वीची भांडणं. पायदळ गेरूनं रंगवलेलं, घोडे काजळीनं, हत्तींवर चुन्याचे पट्टे.

पायदळानं एका डावात एक वीत चालायचं, घोड्यानं दोन. गाठ पडली की सात कवड्या टाकायच्या. ज्याचा माणूस संकटात, त्यानं टाकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर माणूस वाचला. तीन किंवा कमी, तर गेला. आणि गेला म्हणजे बादलीत. मूर्ती भाजलेल्या नसायच्या, नुसत्या उन्हात वाळवलेल्या. पाण्यात टाकल्या की घटकाभरात चिखल.

मी विचारलं, "सर, बाजूला काढून ठेवा ना. पुढच्या लढाईला उपयोगी येतील."

"मेला तो गेला," मास्तर म्हणाले. "मेलेला माणूस कपाटातून परत निघतो का, बार्शीकर? मग खेळताना जीव कशाला लावायचा?"

त्या चिखलातूनच पुढं नवी माणसं घडत. पण ती नवी. चेहरा वेगळा, उभं राहणं वेगळं.

हा खेळ त्यांनी एकट्यानं काढला नव्हता. त्यांच्या समोरच्या बाजूला बसायचे शिवलिंगप्पा सर, आमच्याच हायस्कूलचे गणिताचे शिक्षक. आळंदकडचे लिंगायत. घरात कन्नड, शाळेत आधी उर्दू आणि मग मराठी, आणि रागावले की तिन्ही. प्रत्येक रविवारी दुपारी जेवणं झाली की ते यायचे ते दिवेलागणीला उठायचे. चौदा-पंधरा वर्षं हा क्रम चालला, असं काकूच सांगायच्या. उन्हाळ्यात काकू म्हणायच्या, "तुमचे राजे सरकवा, पापड लाटायचेत," आणि मग शिवलिंगप्पा सर गंभीरपणे जाहीर करायचे, "चार दिवसांचा तह." पापड होईपर्यंत दोघं माळवदावर बसून वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकायचे.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. चालुक्य कुणी घ्यायचे? मास्तर म्हणत, राजा आमचा. शिवलिंगप्पा सर म्हणत, राजा कन्नड. "तवा तुमची मराठी रांगत व्हती, मास्तर. राजाला तुमच्याशी बोलता तरी आलं असतं का?" मास्तर म्हणत, "राजाला बोलायचं कशाला? हत्तीवर बसायचंय." शेवटी एका लढाईत एकानं, दुसऱ्या लढाईत दुसऱ्यानं, असं ठरलं होतं. पण पल्लव ज्याच्या वाट्याला येत तो आठवडाभर शाळेत फुगून बसे.

मग राज्यं फुटली. हैद्राबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, आणि कोण कुठल्या राज्यात जाणार याच्या याद्या लागल्या. शिवलिंगप्पा सरांचं नाव म्हैसूरच्या यादीत आलं. त्यांच्या रिकाम्या जागेवर मी आलो.

आमची गाठ दोनच दिवस पडली. त्यांनी मला दहावीची वही दिली, खडूची पेटी दिली, कुठला मुलगा हुशार आणि कुठला आळशी ते सांगितलं. निघताना म्हणाले, "रविवारी मास्तरांकडं जात जा. एकटे पडतील. आणि ऐका, तुम्ही गणिताचे. त्यांच्या टेबलावर कवड्या तेवढ्या मोजा. बाकी काही मोजू नका." मी हसलो. म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटली मला.

एस. टी. स्टँडवर त्यांना पोचवायला मी मास्तरांबरोबर गेलो होतो. बायको, मुलगी, ट्रंका, वळकट्या. मास्तरांच्या हातात एक पत्र्याचा डबा होता, भुसा भरलेला. दोन्ही फौजांचा दुसरा जोड त्यांनी रात्रंदिवस बसून केला होता, म्हणजे दोघांकडं सारखंच टेबल मांडता येईल आणि चाली कार्डावरून कळवता येतील. इथं एक मेला की तिथंही तोच पाण्यात घालायचा. डबा देताना मास्तर म्हणाले, "या वेळेला चालुक्य माझी पाळी व्हती. पण जा, राजा घेऊन जा."

शिवलिंगप्पा सरांनी डबा छातीशी धरला. मग म्हणाले, "शेवटचं दान कार्डावर न्हाय."

"बिलकुल न्हाय," मास्तर म्हणाले. "राजाचा हत्ती चारी बाजूंनी अडला, की पुढचं दान समोरासमोर. तुम्ही यायचं. हिच्या हातचे धपाटे खायचे आणि मग टाकायचं."

"आणि तोवर?"

"तोवर घाई कुणाला हाय? तेराशे वर्षं झाली की."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भाजी आणायला उशीर झाला, परीक्षेचे पेपर तपासून झाले नाहीत, हेडमास्तरांनी बोलावणं पाठवलं, की हेच. त्या दिवशी मात्र गाडी हलल्यावर ते धुळीत बराच वेळ उभे राहिले आणि मग आल्या रस्त्यानं न येता मला गावाबाहेरून लांबचा फेरा घालून आणलं.

महिन्याला एक चाल. शिवलिंगप्पा सरांचं कार्ड यायचं, बारीक अक्षरात: 'डावीकडचे तीन घोडे दोन वीत पुढे. टेकडीखालच्या भालाईतावर तुमचा हल्ला झाला त्याचं दान टाकलं, पाच उताण्या, वाचला.' कवड्या तिकडं त्यांनी टाकायच्या आणि आकडा इकडं लिहून कळवायचा. पाहणारं कुणी नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, आकडा खोटा लिहिला तर?" मास्तरांनी कार्ड खाली ठेवलं. "बार्शीकर," ते म्हणाले, "शिवलिंगप्पा खोटं दान लिहिणार, म्हणजे मग तेरणा उलटी वाहणार." आणि बादलीतलं पाणी बदलायला उठले. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

रविवारी मी त्यांच्याकडं जाऊ लागलो तो सुरुवातीला कीव म्हणून. नंतर गोडी लागली. त्यांच्याशी छोट्या पाटावर छोटी लढाई मी खेळायचो आणि हरायचो. मोठ्या टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती. फार तर वीत मोजायला दोरी धरायची. कार्ड आलं की मास्तर आधी शेरवानीची बटणं लावायचे. मग वाचायचे. मग टेबलावर तसं तसं मांडायचे. आणि शिवलिंगप्पांचा माणूस मेला असेल तर त्याला हलक्या हातानं उचलून पाण्यात सोडताना म्हणायचे, "चांगला लढला."

असं करता करता तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी मास्तरांचा उजवा हात कापायला लागला.

आधी फळ्यावरचं वर्तुळ बिघडलं. ज्या माणसानं तीस वर्षं हाताच्या एका फिरकीत वर्तुळ काढलं, तो आता खडू टेकवून नुसता उभा राहायचा. पोरं हसायची नाहीत, हे पाहून मला जास्त वाईट वाटायचं. मग माती. घोड्याचा पाय वळता वळता तुटायचा. चार-चारदा करून बघायचे, आणि मग तो गोळा तसाच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. काकू माझ्याजवळ म्हणाल्या, "आता जे हायत ते हायत हो. नवे न्हाय व्हायचे ह्यांच्या हातून." कार्डंही मग मीच लिहू लागलो. मास्तर सांगायचे, मी लिहायचो. अक्षर बदललेलं बघून शिवलिंगप्पा सरांना काय ते कळलंच असणार.

त्याच सुमाराला त्यांच्या कार्डांवर एक विचित्र प्रकार दिसू लागला. 'दोन उताण्या, गेला.' 'एक उताणी, गेला.' 'तीन, गेला.' महिन्यामागून महिने त्यांची माणसं जात होती. आमच्या बादलीचं पाणी सारखं तांबडं. मास्तर खूश नव्हते. म्हणायचे, "नशीब रुसलंय शिवलिंगप्पाचं."

आणि मी मोजलं.

काय सांगू! कुणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती. उलट मोजू नका म्हणून बजावलेलं होतं. पण पंचविशीचा गणिताचा मास्तर, डोक्यात शक्यतेची गणितं ताजी. मी मास्तरांच्या कवड्या घरी नेऊन दोनशे वेळा टाकून पाहिल्या. निम्म्या वेळा चार किंवा जास्त उताण्या पडतात, निम्म्या वेळा कमी. म्हणजे लागोपाठ अकरा कार्डं, अकराही वेळा कमी पडणं हे दोन हजारांत एखाद्या वेळी. कागदावर नीट मांडलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि रविवारी मास्तरांपुढं ठेवलं. शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. इतका गाढव होतो मी.

मास्तरांनी कागद वाचला. मग परत वाचला. त्यांना गणित कळत नव्हतं, पण दोन रेघांच्या वरचा आकडा कळत होता.

"म्हणजे मुद्दाम," ते म्हणाले.

"तसंच दिसतंय, सर."

"माझा हात कापतो म्हणून. माझी माणसं आता नवी व्हत न्हाईत, म्हणून स्वतःची मारतोय."

आतून काकू डोकावून गेल्या. मग त्यांनी शेरवानीची बटणं लावली, एकेक, कापत्या हातानं, आणि म्हणाले, "कार्ड घ्या."

ते कार्ड माझ्या अक्षरात गेलं. शब्द न शब्द पाठ आहे मला. 'शिवलिंगप्पा, अकरा दानं खोटी लिहिलीत. माझा हात कापतो, अक्कल नाही. मला भीक नको. खोट्या दानाच्या टेबलावर मी खेळत नाही.' मी लिहिताना म्हटलं, "सर, जरा सौम्य करू का?" तर म्हणाले, "तुम्ही मोजा. लिवायचं मी सांगतो." कार्ड मीच पेटीत टाकलं. परत आलो तेव्हा टेबलावर सतरंजी घातलेली होती.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. 'दानं माझी, माणसं माझी. चाल लिहा. हत्ती अडायला दोनच चाली राहिल्या आहेत.' मास्तरांनी वाचलं आणि कोनाड्यात ठेवलं. बटणं लावली नाहीत, सतरंजी उचलली नाही.

महिन्यानं दुसरं आलं. मी पोस्टमनच्या हातूनच घेतलं. एकच ओळ होती, आणि अक्षर उतरत गेलेलं. 'मास्तर, थोडी घाई करा.'

मी ते वाचून दाखवलं. मास्तर खिडकीकडं तोंड करून बसले होते. म्हणाले, "घाई कुणाला हाय? तेराशे वर्षं झाली की."

मी तिथं होतो. त्या उतरत्या अक्षराकडं बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन हजारांत एक, हे काढता आलं मला. पण इतक्या वर्षांचा दोस्त घाई करा म्हणतो तेव्हा त्याला काय झालं असेल, हे काही मला काढता आलं नाही. काकूंनी मात्र विचारलं होतं. "लिवा की हो दोन शब्द. रुसवा कितीक दिवस धरायचा?" मास्तर म्हणाले, "त्यानं कबूल करावं. मग लिवतो."

तिसरं पत्र पाकिटातून आलं. शिवलिंगप्पा सरांच्या मुलीचं. तिचं शिक्षण धाराशिवात झालेलं, त्यामुळं मराठी चांगली होती. 'काका, अप्पा मागच्या सोमवारी गेले. वर्षभर पोटात गाठ होती. टेबल अजून तसंच आहे. आई म्हणते, मास्तरांचं आहे, मास्तरांनीच आवरावं. तुम्ही या.'

मी वाचून थांबलो. मास्तर उठले, टेबलावरची सतरंजी काढली, घडी घातली, परत पसरली, परत काढली. काकू रडायला लागल्या तेव्हा त्यांच्याकडं वळून म्हणाले, "धपाटे कर. घेऊन जायचेत."

सकाळच्या एस. टी.नं आम्ही निघालो. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, मग उमरग्याला गाडी बदलून पुढं. मास्तरांच्या मांडीवर धपाट्यांचा डबा आणि शेरवानीच्या खिशात सात कवड्या. वाटभर हात खिशावर. दुपारी गावात पोचलो. त्यांच्यात पुरतात. मुलीनं आधी शेतातल्या समाधीकडं नेलं. माती अजून ओलसर होती. मास्तर वाकले, चिमूटभर माती उचलली, बोटांत मळून पाहिली. माती घडवण्याजोगी आहे की नाही ते बघायची त्यांची ती सवयच होती. मग ती परत होती तिथं ठेवली.

घरात एका लहान खोलीत, जुनं दार दोन पेट्यांवर आडवं टाकून केलेलं टेबल. वाळू, खडे, निळीची नदी. चालुक्यांच्या बाजूला जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. मधोमध राजाचा हत्ती, आणि त्याला चारी बाजूंनी भिडलेले पल्लवांचे भालाईत.

मास्तर टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. "या दोन चाली मी केल्या न्हाईत," ते म्हणाले.

"अप्पांनी केल्या," मुलगी म्हणाली. "तुमचं कार्ड येईना, तवा म्हणले मास्तर अशाच करतील. सोलापूरच्या डॉक्टरनं वर्षच सांगितलं होतं, काका. तुम्हाला कळवू दिलं न्हाय. म्हणायचे, लढाई सरळ चालली तर अजून चार वर्षं हत्ती अडत न्हाय, तवर मी कुठला राहतो? लवकर हरायला पाहिजे. हरलो की जायला मिळतं. आईनं धोतरजोडी सुदिक धुऊन ठेवली होती, धाराशिवला नेसून जायला म्हणून. शेवटचे पंधरा दिवस रोज पोस्टमनची वाट बघायचे."

कोपऱ्यात एक घागर होती. शिवलिंगप्पांच्या बाई, डोक्यावर पदर, त्या घागरीकडं बोट दाखवून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. मुलीनं सांगितलं, "आई म्हणती, ही माती त्यांनी टाकू दिली न्हाय. मास्तर यातनं परत माणसं करतील म्हणायचे."

मास्तरांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरला. तरी तो थांबेना. त्यांच्या तोंडून कसलातरी आवाज आला, तो मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकायचा नाही. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो. तो कागद, त्या दोन रेघा, ते कार्ड, सगळं माझंच होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी शेरवानीची बटणं चाचपली, लावलेलीच होती. डब्यातला एक धपाटा काढून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, शिवलिंगप्पांच्या बसायच्या जागी ठेवला. खिशातून कवड्या काढल्या.

"दान त्याचं हाय," ते म्हणाले. "त्याच्या वतीनं टाकतो."

दोन्ही हातांच्या ओंजळीत कवड्या घोळवल्या आणि वाळूवर सोडल्या. चार किंवा जास्त, तर राजा निसटला. तीन किंवा कमी, तर हत्ती पाण्यात.

मी समोरच होतो. माझी नजर सवयीनं गेलीच. दोन उताण्या, पाच पालथ्या.

शिवलिंगप्पांच्या बाई पुढं झाल्या. "एष्टु?" त्यांनी विचारलं. किती.

मास्तरांनी कवड्यांवर हात ठेवला होता. डोळे त्यांचे कधी अधू नव्हते. सुई ते एका दमात ओवायचे.

"पाच," मास्तर म्हणाले. "निसटला गडी."

बाईंनी मुलीकडं पाहिलं, आणि मुलीनं माझ्याकडं. मी अप्पांच्या जागेवर आलेला, गणिताचा. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

"पाच," मी म्हणालो.

मास्तरांनी कवड्या गोळा केल्या. हत्ती दोन्ही हातांनी उचलला, वाळू फुंकली आणि बाईंच्या ओंजळीत ठेवला. "वहिनी, हा जिता हाय," ते म्हणाले. "ह्याला पाणी लागू द्यायचं न्हाय." मुलीनं ते कन्नडमध्ये सांगितलं. बाईंनी हत्ती पदराखाली घेतला आणि देवघरात गेल्या.

परत निघालो. मला वाटलं, मास्तर अक्कलकोटवरून लांबचा फेरा घालायला लावतील. पण ते मुकाट्यानं उमरग्याच्याच गाडीत चढले. आल्या वाटेनं माघारी जाताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जळकोटला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहा घेतला.

"बार्शीकर," ते कपात बघत म्हणाले, "तुम्ही मोजल्या व्हत्या का?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. कप उचलला तर हात इतका कापत होता की चहा शेरवानीवर सांडला. मग मी बशी खालून धरली आणि त्यांनी सावकाश, घाई न करता, चहा प्यायला.